राजाराम शिरसाटांचं चौथं शील

राजाराम शिरसाटांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मुलुंडला, एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरची मंडळी तिथं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतात. मी सासऱ्यांच्या आजारामुळे जायला लागले होते. शिरसाट यायचे, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. पहिल्या दोन बैठकांना ते एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी म्हणाले, "बायको रोज विचारते, किरण कुठंय. किरण आमचा मुलगा. तो जाऊन सहा वर्षं झाली. मी खरं सांगतो, ती रडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते."

बाकीचं हळूहळू कळत गेलं. मूळचे जालन्याकडचे. टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडण्यात त्यांची नोकरी संपली. त्यांची बायको सोनूबाई मानखुर्दला अंगणवाडी सेविका होत्या. रस्त्यात भेटलेली दाढीमिशीवाली पोरंही त्यांना 'बाई' म्हणून वाकून नमस्कार करायची. मुलगी चेतना लग्नानंतर मानखुर्दलाच राहिली. किरण घाटकोपरला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर होता. आईबापांना नाहूरच्या नव्या घरात त्यानंच आणलं. त्या घरातून एका सकाळी तो डबा घेऊन निघाला आणि लॅबमध्येच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय बत्तीस. लग्न व्हायचं होतं.

चार वर्षांनी एका संध्याकाळी सोनूबाईंनी कणीक मळता मळता विचारलं, "किरण आला नाही अजून?"

शिरसाटांना वाटलं, बोलण्यात चूक झाली असेल. ते म्हणाले, "अगं, किरण गेला ना आपला." सोनूबाई पिठाच्या हातांनी तशाच खाली बसल्या. तो गेला त्या दिवशी रडल्या होत्या तशाच रडल्या. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं. प्रश्न मात्र रोज संध्याकाळी येत राहिला. शिरसाट रोज तेच उत्तर देत राहिले. एकदा सोनूबाईंनी त्यांच्या थोबाडीत मारली. "पोटच्या पोराबद्दल असं बोलता? जीभ कशी वळते तुमची?" चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यावर कधी हात उचलला नव्हता.

आमच्या बैठका चालवणाऱ्या शुभाताईंनी एकदा त्यांना विचारलं, "कामावर गेलाय, एवढंच सांगून बघितलंत का?"

"खोटं बोलायचं?" शिरसाट म्हणाले. "आम्ही रोज पंचशील म्हणतो, ताई. चौथं शीलच ते आहे, खोटं बोलणार नाही. मी तर पोरांनाही कधी खोटं सांगितलं नाही."

शुभाताई म्हणाल्या, "तुमच्या खऱ्यानं त्यांना काय मिळतं, एवढंच बघा. मी जबरदस्ती करत नाही."

त्या संध्याकाळी प्रश्न आला तेव्हा शिरसाट म्हणाले, "कामावर गेलाय."

"डबा नेला ना?"

"नेला."

"मग ठीक आहे," म्हणून सोनूबाई पुन्हा लसूण सोलायला लागल्या. शिरसाट मोरीत गेले, बादलीत नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं. हे त्यांनी आम्हाला पुढच्या बैठकीत सांगितलं, अगदी सरळ.

तेव्हापासून किरण त्या घरात पुन्हा राहायला लागला. सोनूबाई त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवायच्या. शिरसाट ती सकाळी चहाबरोबर खायचे आणि तोच खाऊन गेला असं सांगायचे. भिंतीवर किरणचा हार घातलेला फोटो होता. तो त्यांनी उतरवून कपाटात, स्वतःच्या सदऱ्यांखाली ठेवला.

रविवारी चेतना आली. भिंतीकडे बघून तिथंच उभी राहिली. "बाबा, फोटो कुठंय?"

"कपाटात."

"माझा भाऊ आहे तो. त्याला कपाटात टाकलंत? आणि कामावर गेलाय म्हणता. लाज नाही वाटत?"

संध्याकाळी सोनूबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "चेतना, बघ गं. किरणला उशीर झाला आज."

चेतना बराच वेळ आईच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रिक्षा मिळत नसेल, आई. येईल." नंतर चेतना निघेपर्यंत बापलेकींनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

त्या वर्षी किरणच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन घरी करता येईना. चेतना आईजवळ थांबली आणि शिरसाट एकटेच मानखुर्दच्या विहारात गेले. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला त्यांचा आवाज थांबला. पाचव्याला ते पुन्हा म्हणायला लागले. शेजारी बसलेल्यांना काही कळलं नाही. "जे रोज मोडतो, ते तोंडानं कसं म्हणू?" असं त्यांनी मला वाचनालयाच्या जिन्यावर विचारलं.

असं दीड वर्ष गेलं. मग मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी सोनूबाईंनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शिरसाट वाट बघत राहिले. चार दिवसांनी त्यांना राहवेना. ते स्वतःच म्हणाले, "किरण आला नाही अजून."

सोनूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "कोण किरण?"

बैठकीत हे ऐकून कुणीतरी समजूत घालायला म्हणालं, "चला, एका अर्थी सुटल्या त्या."

"सुटली," शिरसाट म्हणाले. "रडत नाही आता. पण निदान तिच्याजवळ त्याचं नाव तरी निघायचं. डबा नेला का, स्वेटर घातला का, कोणती भाजी केली की खातो. माझ्यापेक्षा तिला जास्त आठवायचं. आता घरात त्याच्याबद्दल बोलायला कुणी नाही." शुभाताईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. त्या दिवशी आम्ही कुणीच दुसरा विषय काढला नाही.

माझे सासरे मार्चमध्ये गेले. मग मी बैठकीला जायची थांबले. मागच्या महिन्यात मात्र शिरसाटांना भेटायला नाहूरला गेले होते. दुपारची वेळ होती. सोनूबाई पलंगावर बसल्या होत्या आणि शिरसाट त्यांचे केस विंचरत होते. हात हलका होता, गुंता आला की मुळाशी धरून सोडवत होते. सोनूबाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही फार करता हो. तुमचं घर कुठं आहे?"

"जवळच आहे."

"घरी वाट बघत असतील ना."

शिरसाटांचा हात थांबला. "नाही, बाई. कुणी नाही."

सोनूबाई थोडा विचार करून बाजूला सरकल्या आणि पलंगावर जागा केली. "मग बसा इथं थोडा वेळ," त्या म्हणाल्या.