शिखराचं बारसं

अख्ख्या कतारमध्ये बर्फाची काळजी वाहणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला आला. अल मन्सूरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना सगळे काका म्हणतात. मूळचे कराडकडचे, काम कोल्ड स्टोरेजची मशीनं दुरुस्त करायचं. बाहेर डांबर वितळत असताना हा गृहस्थ कानटोपी घेऊन ड्यूटीला निघतो. फ्लॅटमधला एसी मात्र लावू देत नाही. का, तर आपल्या गारव्यापायी दक्षिण ध्रुवाकडचं बर्फ वितळतं. ऑगस्टमध्ये आम्ही चौघं बनियनवर घाम पुसत बसतो आणि काका मोबाइलवर तिथलं एक शिखर दाखवतात. म्हणतात, "बगा साहेब, बिचाऱ्याला नावसुदिक न्हाई."

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक आहे. मुलीच्या बारशाला त्यांना रजा मिळाली नव्हती. व्हिडिओ कॉलवर पाळणा दिसला, आत्या बाळाच्या कानाशी वाकली आणि नेमकं नेट अडकलं. पुन्हा लागेपर्यंत घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. मुलीचं नाव बापाला दुसऱ्या दिवशी मेसेजवर कळलं. आता तेच नाव त्यांना स्वतः त्या शिखराला ठेवायचं होतं, आणि अर्ज मी इंग्रजीत लिहायचा होता.

"कुणाला लिहू, काका? तो भाग कुठल्याच देशाचा नाही."

"मग सातबारा कुनाच्या नावावर?"

"कुणाच्याच नाही. पण संरक्षित आहे. परवानगीशिवाय जाता येत नाही."

"मालक न्हाई, तर राखतंय कोन?"

मी नेटवर शोधत बसलो. शेवटी अंदाजाने तिकडची नावं नोंदवणाऱ्या एका कमिटीला मेल धाडला. पुढे महिनाभर काका ड्यूटीवरून आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, "आलं का?"

आलं. शिखराला नाव आधीच होतं, आमच्या नकाशात नव्हतं इतकंच. मी चाचरत वाचून दाखवलं. काकांनी ते परदेशी नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

"म्हंजे हितंबी उरकलं," ते म्हणाले. मग मोबाइल माझ्यापुढे सरकवत, "लिवा साहेब. नाव चांगलं हाय. कळवलंत, बरं वाटलं. नीट सांबाळा."

मला फार वाईट वाटलं. मी लिहिलं आणि खाली त्यांचं नाव घातलं. ते स्क्रीनवर वाकून म्हणाले, "त्याच्याखाली 'मुलीचे वडील' लिवा."

मी तेही लिहिलं. कमिटीला त्यातून काय उमजलं, कोण जाणे.