मच्छिंद्रची भाची आणि करंजी घाटातली वानरं

पाथर्डी ते नगर या रस्त्यावर मच्छिंद्र आव्हाडची जीप धावते आणि जीपपेक्षा त्याचं तोंड जास्त धावतं. जीपमध्ये नऊ माणसं बसावीत, असं ती बनवणाऱ्या कंपनीचं मत आहे. मच्छिंद्रला ते मान्य नाही. "सरका की जरा, पोटं आत घ्या!" असं ओरडत तो माणसं, त्याच्या भाषेत शिटा, अशी रचतो, की करंजी घाटातल्या वळणावर कुणी पडायचं ठरवलं तरी पडायला जागा नसते. तो स्वतः अर्धा दाराबाहेर असतो. प्रत्येक थांबा मात्र आरतीच्या थाटात पुकारतो आणि घाटात गाडी हळू करून सांगतो, "डावीकडं बघा, पाव्हनं आलं!" पाहुणे म्हणजे कठड्यावरची वानरं.

असा माणूस गेल्या वर्षी आठवडाभर गप्प झाला. त्याची बहीण दिपाली हिची पाच वर्षांची ज्ञानेश्वरी चालताना झोकांड्या खाऊ लागली होती. तपासणीत डोक्यात, मागच्या बाजूला गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं. गाठ काढली, पण मागे राहिलेल्या पेशी मारायला किरणांचे उपचार लागणार होते. ते नगरमध्ये ठरले.

तिथे मच्छिंद्रला एंजेला मॅडम भेटल्या. भौतिकशास्त्र शिकलेल्या या बाई किरणांचा नेम ठरवतात. मच्छिंद्रने त्यांना प्रश्नांनी इतकं बेजार केलं, की शेवटी त्यांनी खुर्ची ओढून त्याला सगळं समजावलं. दुसऱ्या दिवसापासून आम्हा रोजच्या प्रवाशांना विज्ञान सुरू झालं.

"अणू म्हंजी डोळ्याला न दिसनारा. त्याच्या पोटात त्याहून बारीक गाभा. त्या गाभ्यात डोकावाया शास्त्रज्ञांनी कण पळवायची यंत्रं काढली. आन् त्याच खानदानातलं यंत्र आता आमच्या ज्ञानूच्या डोक्यावर नेम धरनार!"

"पर गाठ झालीच कशानं रं?" मांडीवर भाजीची पाटी घेतलेल्या रंगुबाईंनी विचारलं.

"मागं लहान मेंदू आसतो, तोल सांभाळनारा. झाडाझाडांवरनं फिरनाऱ्या आपल्या पूर्वजांत तो लाखो वर्षं वाढत आला. म्हनून कुनी वानरांचे मेंदू तपासतंय, कुनी पोरांच्या गाठी. लेकरू जन्मल्यावरबी तिथल्या पेशी भराभरा वाढत्यात, मग थांबत्यात. ज्ञानूच्या काही थांबल्याच न्हाईत." तेवढ्यात घाट आला. त्याने कठड्याकडे बोट केलं. "आपली आन् ह्यांची पनजी एकच, मावशे."

"तुझी आसंल! माझी शेवगावची हुती."

जीप हसली. मच्छिंद्रही हसला, पण नजर कठड्यावरच ठेवून. एक वानरी पिल्लाच्या डोक्यात, मागच्या बाजूला, अगदी मन लावून उवा वेचत होती.

अडचण पुढेच होती. किरण सोडताना पोरीने तसूभरही हलायचं नव्हतं. जाळीचा मुखवटा डोकं धरून ठेवणार, पण तिने तो सोसायला हवा. आणि खोलीत ती एकटी, दार बंद. रोज भूल देता आली असती, पण ऑपरेशननंतर तिच्या छातीत कफ झाला होता, म्हणून डॉक्टरांना ते जोखमीचं वाटत होतं. सरावाच्या वेळी ज्ञानू इतकी तडफडली, की मुखवटा काढावा लागला.

"मामा, तिथं लई मोकळं हाय," ती हुंदके देत म्हणाली. "मी पडन."

डॉक्टर, नर्स, दिपाली एकमेकांकडे पाहू लागले. मच्छिंद्रला मात्र लख्ख कळलं. पोर त्याच्या जीपमध्ये वाढलेली! दोन्ही बाजूंनी दाबल्याशिवाय तिला प्रवास सुरक्षित वाटतच नव्हता.

"मॅडम, हिच्या दोन्ही अंगाला शिटा भरा," तो म्हणाला.

एंजेला मॅडमनी दोन्ही कडांना फोमच्या उश्या घट्ट बसवल्या, नेम पुन्हा तपासला आणि बाहेरच्या माइकसमोर मच्छिंद्रला बसवलं. पुढची हकीकत मच्छिंद्रची, म्हणून निम्मी वजा करावी म्हटलं, पण दिपालीही तंतोतंत तीच सांगते.

दार बंद झालं. पडद्यावर इवलीशी ज्ञानू दिसत होती. मच्छिंद्रने गळा साफ केला. "चला, पाथर्डी सुटली! निवडुंगे... तिसगाव... देवराई..." पोर निपचित. यंत्र गुणगुणत तिच्याभोवती फिरू लागलं. "करंजी... आला घाट..." आणि जन्माची सवय जिभेवर आली. "डावीकडं बघा, पाव्हनं आलं!"

दिपालीने तोंडावर हात ठेवला. एंजेला मॅडमचं बोट यंत्र थांबवायच्या बटणावर गेलं. मच्छिंद्रने माइक मुठीत दाबून धरला.

पडद्यावर काहीच हललं नाही.

"...मेहेकरी," तो कसाबसा म्हणाला. "चांदबिबी महाल... भिंगार... नगर आलं, उतरा!"

दार उघडताच मामा आत धावला. ज्ञानूच्या गालांवर जाळीची नक्षी उमटली होती.

"वानरं बघाया मान वळवली न्हाईस, बाय?"

"मी डोळं मिटून बघितली," ती म्हणाली. "पिल्लू आईला धरून बसलं हुतं, आजिबात हलत नव्हतं. मंग मीबी न्हाई हलले."

एंजेला मॅडम चष्मा पुसत राहिल्या. मच्छिंद्र म्हणतो, त्याला एकदम त्या खोलीत गर्दी दिसली. अणूत डोकावणारे, गाठी तपासणारे, वानरांचे मेंदू मोजणारे, कोण कुठले लोक, सगळे ज्ञानूच्या भोवती दाटीवाटीने बसलेले.

"आन् एकालाबी सरका म्हनावं लागलं न्हाई," तो सांगतो आणि घाटात गाडी हळू करतो.