आकाशाच्या त्याच तुकड्याची दुसरी नोंद

बातमी तयार होती. कोरीट गावच्या मुलीला एका दूरच्या दीर्घिकेभोवती तापलेल्या वायूचा ढग सापडला, असे पहिले वाक्य होते. वर्तमानपत्राचे पान संध्याकाळी पाचला छपाईला सुटणार होते. अकरा वाजता तिचा फोन आला. "थांबवा."

मी नंदुरबारहून मोटरसायकलने कोरीटला पोचलो. ओसरीवर ती लॅपटॉपसमोर होती, वडील खाटेवर. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहायला ती संशोधन संस्थेतून घरी आली होती. प्रकरण त्या ढगाचेच होते.

उपग्रहावरच्या दुर्बिणीने आकाशाचा तोच तुकडा सहा महिन्यांनी पुन्हा पाहिला होता. दुसरी नोंद आदल्या दिवशी हाती आली. पहिल्या वेळचे क्ष-किरण तिच्यात निम्मेही नव्हते.

"एवढा ढग सहा महिन्यांत विझत नाही," ती म्हणाली. "म्हणजे किरण जवळचे."

जवळचे म्हणजे पृथ्वीपाशीचे. सूर्याकडून भारित कणांचा वारा सतत वाहतो. पृथ्वीच्या चुंबकीय कवचापाशी तो अडतो. तिथल्या विरळ हायड्रोजनमधून त्याचे कण इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि क्ष-किरण बाहेर पडतात. दुर्बिणीला या उजेडातूनच पलीकडे पाहावे लागते. जोरदार वाऱ्याचे तास वगळूनही काही उरले, तर ढग खरा. ती तेच तपासत होती.

मी अंगणात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. कार्यालयातून दोनदा विचारणा झाली.

"भाऊ, तुम्ही लोके रोज काहीबी छापतस," वडील म्हणाले. "आजच काय अडनं?"

"आप्पा, उगा ऱ्हा ना," ती मान न वळवता म्हणाली.

अडीचला आलेख आला. वारा चढला तेव्हा क्ष-किरण चढले होते, तो उतरला तेव्हा उतरले होते. ते तास काढल्यावर उरले ते मोजमापातल्या चुकीच्या मर्यादेत बसत होते.

"ढग नही?" वडिलांनी विचारले.

"नही. जे दिसनं ते आपली पृथ्वीनंच शे."

"मंग गावमा काय सांगू? मी त समदासले सांगी बसनू."

"सांगा, पोरले आखो एक वरीस लागी."

मी कार्यालयाला बातमी पानावरून काढून टाकायला सांगितले. तिने मार्गदर्शकांना पत्र लिहिले: ढगाचा दावा मागे घेते, त्याऐवजी या वाऱ्यावर प्रकरण लिहू द्यावे. पाठवण्याआधी वडिलांना अर्थ सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"धाडी दे," ते म्हणाले.