तीन मे की पाच मार्च

सांगलीतल्या एका रुग्णालयात मी संगणकाचं काम बघते. पुढच्या तपासणीला कधी यायचं ते रुग्णाला सांगणारी चिठ्ठी मी तयार केलेल्या प्रोग्राममधून निघते. डेटाबेसमधली तारीख कागदावर कशी उमटावी, आधी दिवस की आधी महिना, हे एका ओळीच्या सूत्रात लिहावं लागतं. मी ते लिहिलं नव्हतं. जुन्या मशीनवर आपोआप नीट छापलं जायचं, म्हणून कधी गरजच वाटली नाही.

हिवाळ्यात मशीन बदललं. नव्या मशीनने महिना आधी छापायला सुरुवात केली. मी घाईत एकच चिठ्ठी काढून पाहिली, ती नेमकी दोन फेब्रुवारीची. ०२/०२. काही खटकलंच नाही. बारा तारखेनंतरच्या चिठ्ठ्या ०३/१५ अशा विचित्र दिसायच्या, त्या काउंटरवरची मुलगी पेनाने दुरुस्त करून द्यायची. मला कुणी काही बोललं नाही.

मे महिन्यात एकदा तिने मला खाली बोलावलं. वडूजकडचे एक वयस्कर मेंढपाळ उभे होते. त्यांची बायको गळ्याभोवती पदर गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती.

"पाच मार्चला यायचं होतं, बाबा. दोन महिने कुठं होता?" ती मुलगी चिडून विचारत होती.

"आवं, तीन मे लिवलंय की. मास्तरांकडनं वाचून घेतलंय. आज तीनच हाय न्हवं?"

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. ०३/०५. महिना आधी, दिवस नंतर.

मार्चमध्ये गळ्यातल्या गाठीचा तुकडा काढून तपासायचा होता. दोन महिन्यांनी फरक पडला का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. त्यांनी नुसतं "नाही" म्हणावं, एवढीच माझी आशा होती.

सूत्र मी त्याच दिवशी दुरुस्त केलं. महिना आता अक्षरात येतो. बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या शोधून एकेकाला फोन केले. बाकीचे वेळेत सापडले. त्या बाई श्रावणात गेल्या.

पुढे ते मेंढपाळ बायकोचे तपासणीचे कागद न्यायला आले, तेव्हा मी त्यांना बाहेरच्या बाकावर नेलं. "बाबा, तुम्ही बरोबर वाचलं होतं. चूक माझी होती." मग कशी झाली तेही सांगितलं.

ते म्हणाले, "लय दुखायचं तिला. मी म्हनायचो, आधीच जाऊ. ती म्हनायची, तारीख दिलीया, तवाच जायाचं. त्यास्नी कळतंय म्हनून दिली असंल."

मग त्यांनी विचारलं,

"आनि कुनाचं झालं न्हाई न्हवं असं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि माफी मागायचा धीर मला झाला नाही. स्टँडवर सोडते म्हटलं, तर "जातो मी चालत" म्हणाले. कागद सदऱ्याच्या आत सारून ते उन्हात निघून गेले.