मासा आत आहे की

काम संपलं की खांद्यावरच्या टॉवेलला दोन्ही हात पुसायचे आणि विचारायचं, "सरी," म्हणजे कानडीत बरं, "आता पुढं काय?" आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या अण्णांचं हे रोजचं. उत्तर द्यायला समोर कुणी असो वा नसो. नळाचा वॉशर बदलला, आता पुढं काय. कोथिंबीर निवडली, आता पुढं काय. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. त्यांना रिकामं बसवलं तर ती आजारी पडतात, आणि बसवलं नाही तर शेजाऱ्यांना आजारी पाडतात.

मी मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी इकडे कानडी मुलखात, इलेक्ट्रॉनिक सिटीत येऊन पडलेली. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून डोळ्यांची वाट लागायची आणि मराठी बोलायला कुणी नसायचं. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी, पण ऐकायला गोड. "स्वल्प कॉफी घेता का हो बाई?" असं त्यांनी दारातून विचारलं, त्या दिवसापासून मी त्या घरातलीच झाले. सरकारी कारखान्यात त्यांनी जन्मभर तयार माल तपासायचं काम केलं. रिटायर झाले, पण नापास करायची खोड गेली नाही. माझी कॉफी तर त्यांनी पहिल्याच घोटाला नापास केली.

घरात दोघंच. अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विसरण्याचा आजार. आधी त्या गॅस बंद करायला विसरायला लागल्या, मग मुलीला विसरल्या आणि शेवटी नवऱ्याला. अण्णा ताट घेऊन जवळ आले की पदर सावरून बसायच्या आणि मला हळूच विचारायच्या, "हा कोण गं? घरात का फिरतो?" अण्णांना ऐकू जायचं. ते ताट माझ्या हातात द्यायचे आणि स्वयंपाकघरात निघून जायचे. फार वाईट वाटायचं हो.

अक्कांच्या ओळखीचं एकच उरलं होतं, हॉलमधल्या काचेच्या टाकीतला जाडजूड केशरी गोल्डफिश. सकाळी खुर्चीत बसवलं की "उठलास का रे?" म्हणून त्याची चौकशी करायच्या, आणि मग दिवसभर त्याच्याकडे बघत शांत असायच्या. म्हणूनच त्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले तेव्हा अण्णा हवालदिल झाले. दुकानातून निळं औषध आणून पाण्यात घातलं. ठिपके गेले, मासा वाचला. पण पाणी बिघडलं.

निळा रंग उतरला आणि पाणी पांढरट झालं, भाताच्या पेजेसारखं. मासा दिसेनासा झाला. अक्का खुर्चीतून वाकून बघायच्या. "कुठं गेला?" अण्णा म्हणायचे, "आत आहे की." पुन्हा, "कुठं गेला?" पुन्हा, "आहे की आत." सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. मग अक्का रडायला लागायच्या, जेवायच्या नाहीत, दाराशी जाऊन "मला माझ्या घरी सोडा" म्हणून कडी ओढत बसायच्या.

अण्णा कामाला लागले. त्यांचं घर पहिल्यापासून कडक सोवळ्याचं. उकळल्याशिवाय आणि उन्हात वाळवल्याशिवाय एखादी गोष्ट स्वच्छ झाली असं ते मानतच नसत. त्यांनी फिल्टरचा स्पंज उकळला. तळाचे खडे उकळले. टाकीतलं प्लास्टिकचं झाडसुद्धा उकळलं, त्याचा लगदा झाला तो फेकून दिला. मग बादल्यांत साठवून ठेवलेलं पाणी भरलं. टाकी लख्ख. पण एक दिवस जातो न जातो तोच परत पेज, आणि परत गॅसवर स्पंज.

शेवटी मीच मोबाइलवर बसून वाचून काढलं. पाणी निर्मळ ठेवणारे चांगले जंतू त्या स्पंजातच राहतात. काही औषधानं मेले होते, उरलेले अण्णांनी शिजवले. आता नवे तयार होईपर्यंत हवेचा पंप चालू ठेवायचा, खाणं कमी घालायचं, अधूनमधून थोडंसं पाणी बदलायचं, आणि एरवी टाकीला हात लावायचा नाही.

"हात नाही लावायचा, तर मग करायचं काय?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. बसायचं."

"असं कसं हो? समोर घाण दिसते आणि माणूस नुसता बसतो?"

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर गॅसवर पातेलं, पातेल्यात स्पंज. माझं डोकंच फिरलं. गॅस बंद केला, आणि त्यांची बादली, प्लास्टिकचा मग, पातेलं सगळं उचलून माझ्या घरी आणून ठेवलं. थोड्या वेळानं बेल वाजली.

"बादली स्वल्प देता? आंघोळीची आहे."

"माझ्याकडे करा आंघोळ," मी म्हटलं.

ते हसले, पण गेले नाहीत. चौकटीला टेकून उभे राहिले. हा माणूस किती दमलाय, ते मला तेव्हा दिसलं. "बाई," ते म्हणाले, "तो मासा गेला तर त्या घरात तिच्या ओळखीचं कुणीच नाही राहत." मी बादली दिली नाही, पण त्यांच्याबरोबर गेले.

करायला काहीच नाही म्हटल्यावर अण्णा अक्कांच्या खुर्चीपाशी खाली बसले. असे बसलेले मी त्यांना कधी पाहिलेच नव्हते. अक्कांचं करण्यातच त्यांचा दिवस जायचा.

"कुठं गेला?" अक्कांनी विचारलं.

अण्णा पांढऱ्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झाडामागं आहे. शेपूट हलवतोय."

झाड केव्हाच केराच्या टोपलीत गेलं होतं.

"आता?"

"आता वर आला. तोंड उघडतोय. भूक लागली त्याला."

जन्मभर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक खिळा पास न केलेला माणूस धडधडीत थापा मारत होता, आणि अक्का कान देऊन ऐकत होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या. अण्णांच्या हातून जेवल्या.

मग रोज तेच सुरू झालं. मासा कसा रुसला, कसा कोपऱ्यात जाऊन झोपला, पंपाच्या बुडबुड्यांशी कसा भांडला. सांगून सांगून अण्णांचा घसा बसायचा. "दमलो हो बाई," मला म्हणायचे, पाणी प्यायचे आणि पुढचं सांगायला लागायचे. टाकीला मात्र त्यांनी हात लावला नाही.

पुढे मुलगी येऊन दोघांना म्हैसूरला घेऊन गेली. समोरच्या फ्लॅटमध्ये आता नवं जोडपं राहतं, दोघंही कामात, कधी दिसत नाहीत. अण्णांना मी फोन करते, ते "चाललंय" एवढंच म्हणतात. मला त्यांची आठवण आली की पाणी निवळलं ती सकाळ आठवते.

कॉफीच्या वेळी गेले होते. टाकी आरपार दिसत होती आणि मासा अगदी काचेशी येऊन फिरत होता. मला इतका आनंद झाला की मी अक्कांचा हातच धरला. "अक्का, बघा, दिसला तुमचा मासा."

त्यांनी एकदा बघितलं, आणि मान वळवून परत अण्णांच्या तोंडाकडे बघत बसल्या. मग मला खाली वाकायला सांगून म्हणाल्या, "हे गृहस्थ फार चांगले आहेत गं. रोज येऊन बसतात माझ्यापाशी."

आणि अण्णांना विचारलं, "उद्या याल ना?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"येतो की," ते म्हणाले. "इथं शेजारीच राहतो मी."