झाकणभर पाणी

"दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस," डॉक्टर म्हणाले.

"आणि मासळी कोण विकणार, तुम्ही?" मी म्हटलं. ते हसले. घरी येऊन मी ढसाढसा रडले.

डायलिसिस म्हणजे मशीन तुमचं रक्त बाहेर काढून धुतं नि परत देतं. सुया सोसतात हो, तहान सोसत नाही. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून पाणी मोजून प्यायचं. मी मढची कोळीण, तोंडाने फटकळ नि पाण्याला हावरी. दरवेळी सुजून जायची.

"पाणी फुफ्फुसात भरेल, मावशी," डॉक्टर ओरडायचे.

शेजारच्या बेडवर लिनबाय असायची. अंधेरीत तिचं पार्लर. मुंबईतल्या चिनी घरात लग्न करून आलेली, पण जन्म व्हिएतनामचा. तुम्ही चिनी, म्हणून तिथल्या सरकारने बापाचं दुकान घेतलं, चालते व्हा म्हणून मागे लागले. लिनबाय तेव्हा नऊ वर्षांची. सगळं घर होडीत बसून निघालं. पाणी संपत आलं तशी आई एकेकाला बाटलीचं झाकण भरून द्यायची, लगेच गिळू नका म्हणायची. धाकटी बहीण वाचली नाही. तिला समुद्रातच सोडलं.

लिनबायने मला एक झाकण दिलं. "ह्यानं पी."

"मी काय चिमणी आहे गं?" मी चिडले. पण तिचं बघून शिकले. सूज उतरली.

जेवायला ये म्हटलं की मात्र ती नाही म्हणायची. वर्सोव्याहून मढला यायचं तर फेरीबोट, रस्त्याने फार लांबचा वळसा, आणि लहानपणानंतर ती होडीत पाय ठेवायला तयार नव्हती.

मग एकदा माझाच जीव विटला. मेले तर मेले, म्हणून सलग दोनदा डायलिसिसला गेलेच नाही. आडवं पडलं की धाप लागायची. सून रडून थकली, तिनेच लिनबायला फोन केला.

लिनबाय दारात उभी राहिली. चेहरा पांढराफटक, सलवार गुडघ्यापर्यंत ओली.

"होडीतून आलीस?"

"रस्त्याने आले असते तर आपली मशीनची वेळ गेली असती. चल, ऊठ!"

बाई गं, काय काळीज म्हणायचं हे!

होडीतून दवाखान्यात जाताना तिने माझा हात घट्ट धरला होता, डोळे मिटलेले. त्यानंतर मी डायलिसिस चुकवलेलं नाही. तुम्हालाही कधी कंटाळा येईल, नको वाटेल सगळं. मला तसं वाटतं तेव्हा मी एवढंच आठवते, माझ्यासाठी लिनबाय परत होडीत बसली.