डावीकडून चल

बॅन्फच्या बाहेर एक जुना रस्ता आहे. नदीपलीकडे मोठा हायवे झाल्यापासून त्याच्यावरची वर्दळ तशी कमीच, पण उन्हाळ्याच्या तोंडावर काही आठवडे त्याचा एक टप्पा मोटारींना अगदी बंदच असतो. फाटकाशी गाड्या थांबतात आणि बाजूच्या फटीतून सायकलवाले पुढे जातात. मग दोन्ही बाजूंना देवदारासारखी उंच, अंधारी झाडं, मध्येच उघडी कुरणं, त्यांत पिवळी फुलं, मान वर केली की बर्फाचे डोंगर. गुळगुळीत डांबरी रस्ता, मध्ये पिवळा पट्टा, आणि गाडी एकही नाही.

एडमंटनहून तिथे पोहोचायला चार तास लागतात. गेल्या जूनमध्ये आम्ही तिघं गेलो: मी, बायको आणि आमची पंधरा वर्षांची मुलगी. हा बेत मुलीचा. शाळेतल्या सायकल क्लबमुळे तिला या रस्त्याची माहिती मिळाली होती. मला जायचं होतं आणि नव्हतंही. बायको बारा वर्षांत सायकलवर बसली नव्हती आणि त्याला कारण मी होतो.

लग्नाआधी बायको नागपुरात इंदोरा भागातून कॉलेजला रोज सायकलने जायची. उन्हात, तोंडाला ओढणी बांधून, कधीकधी कॅरिअरवर मैत्रिणीला घेऊन. माझ्यापेक्षा ती कितीतरी चांगली चालवायची. कॅनडात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी गराज सेलमधून दोन जुन्या सायकली आणल्या. मुलीला शेजारणीकडे ठेवून आम्ही शहराबाहेरच्या शेतांमधल्या रस्त्यावर गेलो. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं की फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या डाव्या बाजूने जावं, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. ते पायी चालणाऱ्यांसाठी होतं. मी ते सायकलला लावलं.

"डावीकडून चल," मी म्हणालो.

"सगळे तर उजवीकडून जाऊन राहिले इथं," ती म्हणाली.

"मला माहीत आहे. तू चल."

ती पुढे, मी मागे. एका चढाच्या माथ्यावरून पिकअप ट्रक आला तो थेट तिच्या समोर. ती रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडली, मनगट मोडलं. ट्रकमधून एक म्हातारा शेतकरी धावत उतरला. ही त्या बाजूला कशी काय, असं त्याने मला इंग्रजीत विचारलं. आणि मी त्याला म्हणालो, "शी इज न्यू. इन इंडिया, वी गो लेफ्ट."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की त्याचं मला आजही नवल वाटतं. पटण्यासारखंही होतं. शेतकऱ्याने मान डोलावली. बायको खड्ड्यात मनगट धरून बसली होती, माझ्यापासून दहा पावलांवर. तिने ऐकलं.

त्याच दिवशी मी खरं सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण प्लास्टर बघून लोक विचारायचे आणि मी तेच वाक्य पुन्हा सांगायचो. हळूहळू त्याचा विनोद झाला. आमच्या लोकांची महिन्यातल्या एका रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धवंदना असते, मग पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने घरून आणलेलं एकत्र जेवण. जेवताना कुणी नवीन कुटुंब आलं की मला आग्रह व्हायचा, "तो किस्सा सांगा नं, वहिनींनी नागपूरचा रस्ता इथं आणला तो." मी सांगायचो. लोक हसायचे. बायको भाजी वाढत असायची आणि तीही थोडं हसायची. अर्ध्या तासापूर्वी मी त्याच हॉलमध्ये हात जोडून पंचशील म्हटलेलं असायचं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील म्हणताना दर वेळी माझा आवाज खाली जायचा. पण पानावर बसलो की किस्सा सांगायचोच.

मुलगी हेच ऐकत मोठी झाली. मम्मीला सायकल जमत नाही, हे तिच्यासाठी घरातल्या भिंतींइतकं पक्कं होतं. बायकोची सायकल गराजमध्ये विंटर टायर्सच्या मागे उभी राहून गंजली. मी ती कधी काढली नाही, विकलीही नाही.

म्हणून मुलगी जेव्हा म्हणाली, "मम्मी, देअर आर नो कार्स. झीरो. यू कान्ट गो रॉन्ग," तेव्हा बायको येणार नाही असंच मला वाटलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "येते. पण तुझे पप्पा माझ्या मागं राहतील. आणि मागून एक शब्द बोलणार नाहीत."

मी कबूल केलं.

बॅन्फमध्ये आम्ही तिच्यासाठी सायकल भाड्याने घेतली. फाटकापलीकडे तिने एक पाय पेडलवर ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग निघाली. पहिले शंभर मीटर हँडल थरथरत होतं. मी दात आवळून गप्प होतो. एका वळणानंतर तिचे खांदे सैल झाले आणि पाठ सरळ झाली. ती पिवळ्या पट्ट्यावरून, रस्त्याच्या बरोबर मधून जाऊ लागली. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून मुलगी मधूनमधून घंटी वाजवायची, तशी तीही वाजवायची, गरज नसताना चार वेळा जास्त. नदीच्या पलीकडून लांबलचक मालगाडी गेली तेव्हा तिने हँडलवरचा एक हात उचलून तिला टाटा केला. इतकं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, आणि ते धड उपभोगताही येत नव्हतं.

पुढे एका जागी झाडी संपून नदी उघडी झाली. ती बघायला बायको रस्त्याच्या डाव्या कडेला गेली. मागून मुलगी हसत ओरडली, "मम्मी! यू आर गोइंग लेफ्ट अगेन! इंडिया मोड!"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्या घरातला तो नेहमीचाच विनोद. पण बायकोने ब्रेक लावला, उतरली आणि सायकल हाताने ढकलत चालू लागली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, मान दिसत होती. आता ही पुन्हा बसणार नाही, हे मला कळलं.

मी सायकल गवतात टाकली. "एक मिनिट," मी म्हणालो. "मी बोलणार नव्हतो, पण बोलतो. तेव्हा तुझी मम्मी स्वतःहून डावीकडे गेली नव्हती. मी तिला पाठवलं होतं. ती नको म्हणत होती."

मुलीला पहिल्यांदा कळलंच नाही. "व्हॉट डू यू मीन, पाठवलं?"

मी सगळं सांगितलं. चढ, ट्रक, शेतकरी, माझं वाक्य. माझं मराठी अडखळलं की ती बायकोकडे बघायची. बायको नदीकडे बघत होती.

"सो यू लाइड. टु एव्हरीवन. फॉर, लाइक, टेन इयर्स?"

"बारा," बायको म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "मला वाटलं होतं, तुम्हाला आता तेच खरं वाटून राहिलं असेल. इतक्यांदा सांगितलं."

"नाही," मी म्हणालो. "दर वेळी आठवायचं."

"मग तर जास्तच वाईट," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. बर्फ पडून राहिला आहे, असं सांगावं तसं. मला माफी मागायची होती. मागितलीही. ती "हौ" म्हणाली, आणि तेवढंच.

मुलगी आईजवळ गेली आणि तिच्या हेल्मेटचा बंद उगाच नीट करू लागली. "सॉरी मम्मी. आय सेड इट सो मेनी टाइम्स."

"तुला कोणी सांगितलं होतं खरं?" बायको म्हणाली आणि सायकलवर बसली. पाय मात्र जमिनीवरच. मला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं."

"मी? तूच तर म्हणालीस..."

"आता मी मागून बोलते. डावीकडं घ्या."

मी डावीकडे घेतलं.

"उजवीकडं. अजून. अजून घ्या नं, गवतापर्यंत! काहून घाबरून राहिले? आता डावीकडं. मला माहीत आहे, तुम्ही चला."

त्या रिकाम्या रस्त्यावर मी या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जात राहिलो. समोरून आलेल्या दोन सायकलवाल्या गोऱ्या बायका आमच्यासाठी थांबून राहिल्या. एकीने मला काही त्रास होतोय का, असं विचारलं. मुलगी हसून हसून मागे पडली. शेवटी मी खडीत घसरून आपटलो, गुडघा सोलवटला, तेव्हा बायको शेजारून पुढे निघून गेली. जाताना घंटी वाजवली.

पुढच्या वंदनेनंतर मी हॉलमध्ये उभा राहून खरं काय ते सांगितलं. किस्सा म्हणून नाही, सरळ. कुणी हसलं नाही. आमच्यातले सगळ्यात वयस्कर काका, जे दर वेळी सर्वांत मोठ्याने हसायचे, ते ताटाकडे बघत म्हणाले, "बाप्पा, सूनबाई, आम्ही तर तुझ्यावर बारा वर्षं हसलो."

"हसा नं, काका," बायको म्हणाली. "आता माझ्याजवळ एक किस्सा आहे." आणि हातातला डाव भातात खोचून तिने सांगायला सुरुवात केली.

तिच्या किस्स्यात मी तीनदा पडतो. एका ठिकाणी अस्वलही येतं. मी दुरुस्ती करत नाही. मी भाजी वाढत असतो.